टपालाची बोट, जखमींची बोट: ‘लॉयल्टी’चे प्रकरण

५ एप्रिल आला की आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९१९ साली याच तारखेला ‘लॉयल्टी’ नावाची आगबोट मुंबईहून लंडनला निघाली, म्हणून ही तारीख. १९६४ पासून ती पाळली जाते. त्या दिवशीच्या भाषणांत वालचंद हिराचंद येतात, सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी येते, परकी कंपन्यांच्या मक्तेदारीशी घेतलेली टक्कर येते. हे सगळे यायलाच हवे. पण मुंबईचा धक्का सोडणारी ही बोट काल-परवापर्यंत एक तरंगते इस्पितळ होती आणि तिच्या डेकवर हिंदी शिपाई खाटांना खिळून पडलेले असत, हे त्या भाषणांत येत नाही. मला ही उणीव फार जाणवते. म्हणून या एकाच बोटीचे प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

मांडताना माझ्यापुढे प्रश्न एकच आहे. ही बोट तीन मालकांकडे गेली आणि प्रत्येकाने तिला वेगळे काम दिले. पहिल्या कामात ती जुनी ठरली, दुसऱ्यात उपयोगी पडली आणि तिसऱ्यात तोट्यात गेली. बोट तर तीच होती. मग असे का झाले?

सम्राज्ञीचे नाव

कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १८८५ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग पुरा केला. पण रूळ समुद्रापाशी संपतात. इंग्लंडची डाक अटलांटिक ओलांडून कॅनडात, तिथून आगगाडीने व्हँकुव्हरला आणि पुढे जपान-चीनला न्यायची, तर पलीकडच्या समुद्रात स्वतःच्या बोटी हव्यात. कंपनीने आधी भाड्याच्या जुन्या बोटींवर काम भागवले. १८८९ मध्ये सरकारशी डाकेचा करार झाला, वर्षाला ६०,००० पौंड ठरले आणि इंग्लंडमधल्या बॅरो-इन-फर्नेसच्या कारखान्यात तीन बोटी बांधायला टाकल्या. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, ‘एम्प्रेस ऑफ जपान’ आणि ‘एम्प्रेस ऑफ चायना’ ही त्यांची नावे.

तिघींतली थोरली म्हणजे आपली बोट. ३० ऑगस्ट १८९० रोजी ती पाण्यात उतरली. ५,९०५ टनांची, साधारण ४५५ फूट लांब, ५१ फूट रुंद. पाण्याखाली दोन प्रोपेलर, वर दोन धुराडी, तीन डोलकाठ्या, आणि वेग १६ नॉट, म्हणजे ताशी १६ सागरी मैल. नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, जुन्या शिडाच्या जहाजासारखी पुढे झेपावणारी होती आणि सारे अंग पांढरे होते. हा पांढरा रंग लक्षात ठेवावा. पुढे त्याला वेगळाच अर्थ येणार आहे. वरच्या मजल्यांवर पहिल्या वर्गाच्या केबिनी, भोजनगृह, वाचनाची खोली. आणि खाली, लांबच लांब मोकळ्या डेकवर, सुमारे ६०० गरीब उतारूंची जागा.

८ फेब्रुवारी १८९१ रोजी तिने लिव्हरपूल सोडले. सुएझ, कोलंबो, पिनांग, सिंगापूर, हाँगकाँग असे करत २८ एप्रिलला ती व्हँकुव्हरला लागली. त्यानंतर वीस-बावीस वर्षे तिचा रस्ता ठरलेला होता: हाँगकाँग, शांघाय, जपानची बंदरे, व्हँकुव्हर आणि परत. नावात ‘इंडिया’ होते ते व्हिक्टोरिया राणीने १८७६ मध्ये घेतलेल्या पदवीमुळे. रोजच्या रस्त्यावर हिंदुस्थानचे एकही बंदर नव्हते.

वरच्या मजल्यांवर मिशनरी, व्यापारी, लष्करी अधिकारी आणि जगप्रदक्षिणेला निघालेले श्रीमंत लोक असत. खालच्या डेकवर मुख्यतः चिनी मजूर. विसाव्या शतकाच्या आरंभी हाँगकाँगहून कॅनडात गेलेले पहिले पंजाबीही याच एम्प्रेस बोटींनी गेले. म्हणजे खालच्या डेकवर दाटीवाटीने माणसे झोपण्याची या बोटीला पहिल्यापासून सवय होती. पुढे तेच डेक कामी आले.

बोटींचे आयुष्य माणसांपेक्षा लवकर उताराला लागते. १९११ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ टोकियोच्या उपसागराजवळ खडकावर चढली आणि गेली. १९१३ मध्ये कंपनीने ‘एम्प्रेस ऑफ रशिया’ आणि ‘एम्प्रेस ऑफ एशिया’ आणल्या. त्या आकाराने तिप्पटीच्या जवळपास होत्या आणि वेगानेही सरस. त्यांच्याशेजारी तेवीस वर्षांची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ उभी राहिली की ती मागच्या शतकातली आहे हे कोणालाही दिसत असे. युद्ध सुरू झाले तेव्हा कंपनीला ती विकायला काही अडचण वाटली नसणार.

दरबारांची तार

सप्टेंबर १९१४ मध्ये व्हाइसरॉयची एक लांबलचक तार लंडनच्या पार्लमेंटात वाचून दाखवण्यात आली. हिंदुस्थानातील संस्थानिकांनी युद्धासाठी काय काय देऊ केले त्याची ती यादी होती. म्हैसूरच्या महाराजांचे ५० लाख रुपये, कोणाचे घोडे, कोणाच्या पलटणी, कोणाची उंटांची तुकडी. त्या यादीत एक नोंद अशी होती, की अनेक दरबारांनी मिळून एक इस्पितळ-जहाज द्यायचे ठरवले आहे आणि त्याचे नाव ‘लॉयल्टी’ असेल. त्याच तारेत हेही होते की मूळ कल्पना ग्वाल्हेरचे महाराज आणि भोपाळच्या बेगम या दोघांची.

ही नोंद मी मुद्दाम सांगतो, कारण पुढच्या काळात सगळे श्रेय ग्वाल्हेरच्या एकट्या नावावर जमा झाले. बोटीचा व्यवहार ग्वाल्हेरच्या नावाने झाला, त्यामुळे ते स्वाभाविकही आहे. पण भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम आणि इतर दरबार या गोष्टीतून गळता कामा नयेत. त्याहून एक पाऊल पुढे जाऊन सांगायचे तर दरबारांचा पैसा म्हणजे अखेर सारा भरणाऱ्या रयतेचा पैसा. तिचे नाव कुठल्याच तारेत नसते.

ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे या कामात नवखे नव्हते. घराणे मूळचे साताऱ्याकडचे, कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडचे. १८७६ चा जन्म, दहाव्या वर्षी गादी. १९०० मध्ये चीनमधल्या बॉक्सर बंडाच्या वेळी हिंदुस्थानातून फौज गेली, तेव्हा त्यांनी ‘ग्वालियर’ नावाचे इस्पितळ-जहाज स्वतःच्या खर्चाने उभे केले होते आणि स्वतःही सेनापतींच्या दिमतीला चीनला गेले होते. लढाईत माणूस जखमी झाला म्हणजे त्याला सर्वांत आधी काय लागते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. १९१४ मध्ये पलटणी आणि घोडे यांच्या जोडीला इस्पितळाची बोट सुचली ती यातूनच, असे मला वाटते.

नाव सप्टेंबरात जाहीर झाले, पण बोटीच्या विक्रीची नोंद १९ डिसेंबर १९१४ ची आहे. १९ जानेवारी १९१५ रोजी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ अधिकृतपणे ‘लॉयल्टी’ झाली. म्हणजे राजनिष्ठा. हे नाव कोणाला ऐकवायचे होते ते उघड आहे. मात्र बोटीत पडलेल्या माणसाला नावाशी कर्तव्य नव्हते. त्याला पाणी, सावली आणि सपाट जागा हवी होती.

उतारूंच्या बोटीचे इस्पितळ

युद्धात प्रवासी बोटींचे दोन उपयोग असत: सैन्य नेणे आणि आजारी-जखमी आणणे. मालवाहू बोटीत फळ्या ठोकून माणसे नेता येतात, पण इस्पितळ मांडता येत नाही. प्रवासी बोटीत हवा खेळती ठेवायची सोय असते, गोड्या पाण्याची असते, मोठी स्वयंपाकघरे असतात, बर्फ असतो, विजेचे दिवे असतात, शौचकूप आणि न्हाणीघरे असतात. शेकडो माणसांना दिवसातून तीनदा जेवू घालायची यंत्रणा आधीच तयार असते. निम्मे इस्पितळ तर यातच आले.

उरलेले निम्मे घडवावे लागे, आणि ते काम सगळीकडे साधारण एकाच रीतीने चाले. खालच्या डेकवरची आडवी-उभी पार्टिशने काढायची आणि लांब सलग वॉर्ड करायचे. लाटांबरोबर रोगी गडगडू नये म्हणून काही खाटा झुलत्या ठेवायच्या. शस्त्रक्रियेची खोली बोटीच्या मध्यभागी, जिथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. साथीच्या रोग्यांचा वॉर्ड मागे, वेगळा. औषधांची कोठी, कपडे उकळण्याची आणि धुण्याची सोय, प्रेतांसाठी खोली. पहिल्या वर्गाच्या केबिनी डॉक्टर, परिचारिका आणि अधिकारी-रोगी यांच्याकडे. एकेकाळी पियानो वाजत होता तिथे आता पट्ट्या बदलल्या जात. सर्वांत अवघड काम वाटते त्याहून साधे होते: स्ट्रेचरवरचा माणूस धक्क्यावरून किंवा पडावातून बोटीत कसा घ्यायचा. जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळत नाही. म्हणून यारीने उचलून घ्यायची सोय करावी लागे.

‘लॉयल्टी’ हिंदी शिपायांसाठी होती, आणि तेवढ्याने स्वयंपाकघराचा प्रश्न वेगळा होतो. ब्रायटनच्या राजवाड्यात हिंदी जखमींसाठी इस्पितळ उघडले तेव्हा तिथे नऊ स्वयंपाकघरे करावी लागली होती. हिंदू-मुसलमानांच्या चुली वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे. बोटीवर जागा मोजकी, तरीही हे पाळावेच लागे. कारण आजारी शिपायाने जेवायचेच नाकारले तर डॉक्टरचे औषध काय करणार? स्वयंपाकी, भिस्ती, भंगी, वॉर्डातले नोकर, डोलीवाले, सब-असिस्टंट सर्जन अशी सगळी माणसे मिळून हिंदी इस्पितळ उभे राही. इतिहासात त्यातल्या गोऱ्या डॉक्टरांची नावे सापडतात. डोलीवाल्याचे नाव सापडत नाही.

मुंबई बंदरातल्या मोठ्या बोटी चालत त्याही अशाच माणसांवर. डेकवर सारंग आणि टिंडेल हे मुकादम आणि त्यांच्या हाताखालचे खलाशी, त्यांत रत्नागिरीकडचे कितीतरी. खाण्यापिण्याच्या खात्यात गोव्याचे लोक. खाली भट्टीशी कोळसा ओढणारे आगवाले. वरच्या वॉर्डात कोणी कण्हत असताना खालच्या उष्णतेत हे लोक बोट हलती ठेवत.

आणि रंग? १९०७ च्या हेग कराराने ठरवून दिले होते की लष्करी इस्पितळ-जहाज बाहेरून पांढरे असावे, त्यावर सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा आडवा पट्टा असावा आणि राष्ट्राच्या निशाणाबरोबर रेड क्रॉसचे निशाण असावे. खासगी मदतीच्या जहाजांना पट्टा तांबडा. जहाजाचे नाव शत्रूला आधी कळवायचे, त्यावर सैनिक किंवा दारूगोळा न्यायचा नाही, जखमी कुठल्याही बाजूचा असो त्याला घ्यायचे, आणि शत्रूने तपासणीसाठी थांबवले तर थांबायचे. त्या बदल्यात जहाजावर हल्ला होणार नाही, हे सर्वांनी मान्य केलेले वचन. पॅसिफिकवर ज्या पांढऱ्या रंगाने ‘एम्प्रेस’ श्रीमंत दिसे, त्याच रंगाने आता तिला वाचवायचे होते.

वचन दर वेळी पाळले गेले नाही. युद्धाच्या शेवटच्या दोन वर्षांत युरोपच्या समुद्रात जर्मन पाणबुड्यांनी इस्पितळ-जहाजे बुडवली; २७ जून १९१८ रोजी ‘लँडोव्हरी कॅसल’ बुडवले ते प्रकरण सर्वांत कुप्रसिद्ध. आणि सुरुंगाला हिरवा पट्टा दिसतच नाही. जर्मनांच्या ‘वुल्फ’ या जहाजाने १९१७ च्या आरंभी मुंबईसमोर सुरुंग पेरले. २३ जून १९१७ रोजी पी अँड ओ कंपनीची ‘मंगोलिया’ मुंबईच्या दक्षिणेला त्यांतल्याच एका सुरुंगाने बुडाली. मुंबई-बसरा ये-जा करणाऱ्या प्रत्येक बोटीला हे पाणी ओलांडावे लागे.

बसरा

हिंदुस्थानातून निघालेल्या इस्पितळ-जहाजांवर सर्वांत मोठा भार पडला तो मेसोपोटेमियाचा, म्हणजे आजच्या इराकमधल्या लढाईचा. आमच्या सातारा भागात जुनी माणसे पहिल्या महायुद्धाला ‘बसऱ्याची लढाई’ म्हणत. त्यांच्या दृष्टीने फ्रान्स फार लांब होते. घरचा माणूस गेला होता तो बसऱ्याला. सहावी पुणे डिव्हिजन तिकडेच होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा लागला आहे.

इथेच या प्रकरणाचा गाभा आहे, असे मी मानतो. इस्पितळ-जहाज कितीही चांगले असो, जखमी माणूस त्याच्यापर्यंत पोचला तरच त्याचा उपयोग.

नोव्हेंबर १९१५ मध्ये या डिव्हिजनचे सेनापती जनरल टाउनशेंड बगदादच्या रोखाने गेले आणि बगदादच्या अलीकडे टेसिफोनला तुर्कांनी त्यांना अडवले. चार दिवसांत चार हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. वैद्यकीय तयारी काहीशे जखमींपुरती होती. रणांगणावरून नदीपर्यंत जखमींना आणले ते स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांतून. ज्याची मांडी मोडली आहे अशा माणसाचे त्या गाडीत काय होत असेल, याची कल्पनाही करवत नाही. नदीवर त्यांना आगबोटींत आणि बाजूला बांधलेल्या उघड्या तराफ्यांवर भरले. पाणी उथळ, वाट वळणावळणाची, किनाऱ्यावरून गोळीबार. बसऱ्याला पोचायला जवळपास दोन आठवडे लागले. पांघरूण नाही, शौचाची सोय नाही, पट्ट्या बदलायला माणूस नाही.

त्या वेळी बसऱ्याला ‘वरेला’ नावाचे इस्पितळ-जहाज नांगरून होते. त्यावरचे मेजर कार्टर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर. ‘मेजिदिया’ ही नदीतली आगबोट जवळ येताना त्यांना वाटले, तिच्या कडांवरून दोर लोंबत आहेत. बोट आणखी जवळ आली तेव्हा कळले की ती वाळलेली विष्ठा आहे. हलता न येणाऱ्या माणसांना जागच्या जागी विधी करावे लागले होते आणि ते कठड्यांवरून ओघळून साकळले होते. कार्टर यांनी हे सारे लिहून वर कळवले. त्याबद्दल त्यांनाच वरिष्ठांनी दमदाटी केली, अटकेची भीती घातली. पण ते गप्प बसले नाहीत. पुढे मेसोपोटेमिया कमिशन बसले, १९१७ मध्ये त्याचा अहवाल बाहेर आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला.

या प्रकरणात मला सर्वांत मोठा माणूस वाटतो तो हाच डॉक्टर. जहाजे महाराजांनी दिली, कंपन्यांनी दिली. पण जे दिसले ते लिहायचे धैर्य एका माणसाने दाखवले आणि पुढच्या हजारो रोग्यांची वाट त्यामुळे सुधारली. पुढच्या काळात नदीवर इस्पितळाच्या खास बोटी आल्या, बसऱ्याला मोठी इस्पितळे उभी राहिली, औषधे आणि माणसे वाढली.

भूगोलही आडवा येत होता. बसऱ्यावरून समुद्राला मिळणाऱ्या शत-अल-अरब नदीच्या मुखाशी गाळाचा उंचवटा आहे. खोल बुडाच्या बोटींना भरतीची वाट पाहावी लागे, नाहीतर बाहेर समुद्रात थांबावे लागे आणि लहान बोटींनी रोगी आणून चढवावे लागत. पॅसिफिकसाठी बांधलेल्या बोटीला खोल पाणी लागते. जखमी उथळ पाण्यात होते.

आणि सगळे जखमीच नसत. उलट आजारीच जास्त. हगवण, ताप, उष्माघात, पटकी, स्कर्व्ही. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत टाउनशेंडची फौज कूट गावात वेढली गेली. अन्न संपले, घोडे कापले गेले. बऱ्याच हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खायचे नाकारले आणि हिरव्या पाल्याशिवाय त्यांच्या हिरड्या सुजल्या, सांधे धरले. शरणागतीनंतर अत्यवस्थ आजाऱ्यांना तुर्कांनी बदल्यात सोडले. बाकीचे कैदेत चालत गेले आणि त्यांतले असंख्य वाटेतच संपले. सुटलेल्यांसाठी मुंबईकडे येणारी पांढरी बोट म्हणजे काय असेल हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

मुंबईत या लोकांसाठी जागा मिळेल तिथे इस्पितळे उघडली होती. आज ज्याला आपण छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो, ती प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत नुकतीच बांधून झाली होती; मूर्ती आणि चित्रे यायच्या आधी तिथे लष्करी इस्पितळ होते. पुण्याला डेक्कन वॉर हॉस्पिटल होते. बोट, धक्का, आगगाडी, इस्पितळ, आणि बरा झाला तर पुन्हा पलटण, नाहीतर पेन्शनीवर गाव. ‘लॉयल्टी’ ही या साखळीतली मधली कडी. तिच्या अलीकडची कडी तुटली तेव्हा ती काही करू शकली नसती, हे तिच्याकडे पाहताना विसरता येत नाही.

आता आधीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर देता येते. ‘एम्प्रेस’ डाकेच्या धंद्यात जुनी ठरली ती वेगामुळे आणि कोळशाच्या खर्चामुळे. इस्पितळाला शर्यत जिंकायची नसते, तिकिटे विकायची नसतात आणि कोळशाचे बिल सरकारी तिजोरीतून जाते. त्याला लागते ती स्थिर चाल, मोठी स्वयंपाकघरे आणि रुंद मोकळे डेक. ज्या खालच्या डेकला कंपनी सर्वांत हलकी जागा मानत होती तीच जागा रोग्यांच्या कामाची ठरली.

स्वदेशी बोट

युद्ध संपले आणि ग्वाल्हेर दरबारला बोटीचा उपयोग उरला नाही. ती विकायची आहे ही बातमी वालचंद हिराचंद यांना आगगाडीच्या डब्यात एका इंग्रज सहप्रवाशाकडून कळली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. वालचंद सोलापूरचे, रेल्वेची कंत्राटे घेऊन मोठे झालेले. जहाजाच्या धंद्यातला त्यांना अनुभव नव्हता. पण नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना त्यांनी बरोबर घेतले आणि बोट विकत घेतली. २७ मार्च १९१९ रोजी कंपनीची नोंदणी झाली. शिंद्यांची बोट, म्हणून कंपनीचे नाव सिंदिया. आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ५ एप्रिलला, बोट लंडनकडे निघाली.

ही तारीख पंचांगात शेजारच्या पानाशी ताडून पाहावी. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ होता. मुंबईत गांधीजी चौपाटीवर होते, हजारो लोकांनी समुद्रात स्नान केले. ‘राजनिष्ठा’ नावाची बोट स्वदेशी मालकीची होऊन आदल्या दिवशी त्याच समुद्रातून गेली होती. मालकांनी नाव बदलले नाही.

‘पहिली स्वदेशी बोट’ हे बिरुद मात्र जपून वापरावे. तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्येच स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढून कोलंबोपर्यंत बोटी चालवल्या होत्या. पुढे राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा होऊन त्यांनी तुरुंगात कोलू ओढला. त्याच्याही आधी, १८९० च्या दशकात, जमशेटजी टाटांनी जपानपर्यंत भाड्याच्या बोटी चालवून पाहिल्या होत्या. दोघांनाही बड्या कंपन्यांनी दर पाडून बुडवले. ‘लॉयल्टी’चे मोठेपण पहिलेपणात नाही. तिच्यामागची कंपनी बुडाली नाही, यात आहे.

बोट म्हणून ती टिकली नाही. इथे प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर आहे. १८९१ ची यंत्रे भरमसाट कोळसा खात आणि आता ते बिल भागधारकांच्या खिशातून जात होते. माल भरायला जागा बेताची. उतारू मिळाले तर पैसा, आणि उतारूंची वाहतूक तर पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या जहाज कंपन्यांच्या मुठीत. दोन्ही कंपन्यांच्या मागे लॉर्ड इंचकेप. त्यांनी सिंदिया विकत घ्यायची तयारी दाखवली, ती नाकारल्यावर दरयुद्ध आले. वालचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लवकर ओळखले आणि मालवाहू बोटी घेऊन कंपनीचा पाया तिकडे वळवला. मला हा निर्णय त्या पहिल्या सफरीहून मोलाचा वाटतो. ज्या बोटीवरून नाव घेतले तिला बाजूला करणे सोपे नसते. १९२३ मध्ये ब्रिटिश इंडियाशी दहा वर्षांचा करार झाला तेव्हा सिंदियाने उतारूंची वाहतूक करायची नाही अशी अट पत्करावी लागली. तोवर ‘लॉयल्टी’ धंद्यातून गेलेलीच होती. १९२१ च्या मार्चपासून ती मुंबईत नुसती उभी होती.

फेब्रुवारी १९२३ मध्ये ती भंगारात विकली गेली आणि मुंबईतच मोडली. तिची बहीण ‘एम्प्रेस ऑफ जपान’ १९२६ मध्ये व्हँकुव्हरजवळ मोडली; पण तिच्या नाळेवरची ड्रॅगनची कोरीव मूर्ती तिथल्या लोकांनी उचलून ठेवली. मूळ मूर्ती आज व्हँकुव्हरच्या सागरी संग्रहालयात आहे आणि तिची प्रतिकृती स्टॅन्ली पार्कमध्ये समुद्राकडे तोंड करून उभी आहे.

आपल्याकडे ५ एप्रिल आहे. त्या सुमारास राष्ट्रपतींच्या किंवा पंतप्रधानांच्या छातीवर व्यापारी नौदलाचे लहानसे निशाण लावतात. अपशिंग्याच्या स्मारकावर ५ एप्रिलला कोणी जात असेल असे मला वाटत नाही. पुढच्या ५ एप्रिलला मी जाणार आहे.